जुलैची परीक्षा, एप्रिलचे विमान

पनवेल तालुक्यातल्या आपट्यासारख्या गावातून जपानला शिकायला जायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न निघतो तो पैशांचा. दुसरा निघतो तो ‘तिकडे जेवणाचे काय?’ हा. दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण मुलाचे किंवा मुलीचे वर्ष वाया जाते ते बहुतेक वेळा तिसऱ्याच कारणाने: भाषेची परीक्षा कधी द्यायची, तिचा निकाल कधी लागतो आणि तिकडच्या शाळेला कागद कधी हवे असतात, हा हिशेब कोणी मांडलेलाच नसतो. या प्रकरणात तो मांडायचा आहे.

आपटा हे पाताळगंगेकाठचे गाव. पनवेल-रोहा मार्गावरच्या इथल्या छोट्या स्थानकाला १९९५च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’तल्या शेवटच्या रेल्वेप्रसंगाने देशभर पोहोचवले, एरवी तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. जवळ रसायनी आणि पाताळगंगेचा औद्योगिक पट्टा, त्यामुळे आयटीआय किंवा डिप्लोमा करून कारखान्यात लागणे ही इथल्या मुलांची ठरलेली वाट. पण गेल्या काही वर्षांत आजूबाजूचे चित्र पालटले. जानेवारी २०२४मध्ये खुला झालेला अटल सेतू जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या कर्जातून उभा राहिला. जेएनपीटीपर्यंत येणारा मालगाड्यांचा स्वतंत्र मार्गही जपानी कर्जातलाच. डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. जपान या परिसरात आधी कर्जाच्या आणि पुलांच्या रूपाने पोहोचला आहे. आता इथली मुले तिकडे जायचे म्हणतात, यात नवल नाही. ऑगस्ट २०२५मध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत पाच लाख माणसांच्या देवाणघेवाणीचे उद्दिष्ट जाहीर केले, त्यात भारतातून जाणारी कुशल माणसे पन्नास हजार. त्यामुळे जपानी शिकवणाऱ्या क्लासच्या जाहिराती वाढल्या आहेत आणि त्यांतल्या अर्धवट माहितीने गोंधळही वाढला आहे.

सर्वांत मोठा गोंधळ ‘व्हिसाची परीक्षा’ या शब्दांनी होतो. व्हिसासाठी अशी वेगळी परीक्षाच नाही. क्रम असा आहे: विद्यार्थी जपानमधल्या शाळेत अर्ज करतो, शाळा त्याची मुलाखत घेते, प्रवेश द्यायचा ठरला की त्याचे सगळे कागद तिथल्या इमिग्रेशन कार्यालयाकडे पाठवते. कार्यालयाला ते पटले तर एक प्रमाणपत्र निघते. विद्यार्थ्यांच्या तोंडी त्याचे नाव ‘सीओई’. ते हातात आले की महाराष्ट्रातल्या माणसाने जपानच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे व्हिसाचा अर्ज करायचा. सीओईची मुदत साधारण तीन महिन्यांची असते, त्या काळात जपानमध्ये पाऊल पडायला हवे. म्हणजे निर्णयाचा खरा भाग मुंबईत नव्हे, तिकडच्या इमिग्रेशन कार्यालयात आधीच होऊन गेलेला असतो. जपानी भाषेचा पुरावा लागतो तो तिथे. इथे सगळे कागद जमवून झाल्यावर ‘आता परीक्षा देऊ’ म्हणणाऱ्याची गाडी म्हणूनच चुकते.

किती जपानी यायला हवी, हे कुठे शिकणार त्यावर ठरते. आपल्याकडचे बहुतेक जण आधी जपानमधल्या भाषाशाळेत जातात, वर्ष-दोन वर्षे तिथे भाषा शिकतात आणि पुढे व्यवसायशिक्षणाच्या शाळेत किंवा विद्यापीठात जातात. भाषाशाळेसाठी अपेक्षा अगदी पहिल्या पायरीची आहे: ‘जेएलपीटी’ या परीक्षेची एन-५ ही सर्वांत खालची पातळी, किंवा तिच्या तोडीची दुसरी मान्य परीक्षा, किंवा साधारण १५० तास जपानी शिकल्याचा पुरावा. भाषाशाळेत न जाता थेट व्यवसायशिक्षणाच्या शाळेत जायचे असेल तर मात्र उडी मोठी आहे. तिथे एन-२ लागते, किंवा जपानमधल्या मान्य संस्थेत किमान सहा महिने भाषा शिकलेली असावी लागते. जपानी माध्यमातल्या पदवीसाठी अनेक विद्यापीठे ‘ईजेयू’ ही निराळी प्रवेशपरीक्षा मागतात. ती २००२पासून जूनमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये होते आणि तिच्या भाषेच्या पेपरात निबंधही लिहावा लागतो. इंग्रजी माध्यमातले पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमही तिकडे आहेत. तिथे प्रवेशासाठी जपानीची अट बहुधा नसते, इंग्रजीची असते. चांगले गुण घेऊन विज्ञान किंवा अभियांत्रिकी केलेल्या मुलाने हा रस्ता आणि जपान सरकारची शिष्यवृत्ती, दोन्ही आधी तपासावेत. १९५४पासून चालू असलेली ही शिष्यवृत्ती फीसह राहण्याचाही खर्च उचलते.

नोकरीसाठी जाणाऱ्यांची वाट वेगळी आहे. ‘विशेष कुशल कामगार’ योजनेत एन-४ किंवा ‘जेएफटी-बेसिक’ ही परीक्षा, शिवाय त्या कामाची कौशल्यपरीक्षा लागते. क्लासवाले कधी कधी या दोन वाटा एकाच पत्रकात मिसळतात. कष्टाचे काम करून पैसे मिळवणे हाच हेतू असेल तर विद्यार्थी म्हणून जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. शाळा चालू असताना विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तासांच्या वर काम करता येत नाही आणि ही मर्यादा ओलांडली की पुढच्या वेळी व्हिसाची मुदत वाढवताना ती नोंद समोर येते.

आता तारखा. जेएलपीटी वर्षातून दोनदाच होते, जुलैच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. आपल्याला जवळची केंद्रे मुंबई आणि पुणे. आपट्याहून मुंबईला जायला पनवेलची लोकल, पुण्याला जायला पनवेलहून द्रुतगती मार्ग. तरी सकाळची वेळ आणि रविवारचे वेळापत्रक पाहता आदल्या दिवशीच नातेवाइकाकडे मुक्कामाला गेलेले बरे. उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. जुलैच्या परीक्षेची नोंदणी साधारण मार्च-एप्रिलमध्ये आणि डिसेंबरची ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. जागा मर्यादित असतात आणि खालच्या पातळ्यांच्या लवकर भरतात. जुलैचा निकाल ऑगस्टच्या अखेरीस, डिसेंबरचा जानेवारीच्या अखेरीस लागतो. छापील प्रमाणपत्र हातात यायला त्यानंतर आणखी काही आठवडे जातात.

जपानमधल्या भाषाशाळांचे मुख्य प्रवेश एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये असतात; काही शाळा जुलै आणि जानेवारीतही घेतात. एप्रिलचा प्रवेश हवा असेल तर शाळेकडे अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जातो, शाळा कागद इमिग्रेशनला नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास देते आणि सीओईचा निकाल फेब्रुवारीच्या अखेरीस लागतो. ही दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून पाहा. एप्रिलमध्ये जाणाऱ्याला डिसेंबरची परीक्षा निरुपयोगी आहे, कारण तिचा निकाल येईतो त्याची फाइल इमिग्रेशनच्या टेबलावर जाऊन दोन महिने झालेले असतात. त्याला आदल्या जुलैचीच परीक्षा हवी. डिसेंबरची परीक्षा उपयोगी पडते ती पुढच्या ऑक्टोबरच्या प्रवेशाला, कारण त्याचे अर्ज मार्च ते मेमध्ये जातात. बारावीचा निकाल लागल्यावर जपानचा विचार सुरू करणारा मुलगा बहुतेक वेळा नेमका या दोन तारखांच्या मधल्या फटीत सापडतो. त्या जुलैची नोंदणी संपलेली असते आणि डिसेंबर उशिराचा ठरतो.

या फटीसाठी ‘नॅट-टेस्ट’ आणि ‘जे-टेस्ट’ या परीक्षा आहेत. दोन्ही वर्षातून सहा वेळा होतात, निकाल लवकर येतो आणि भाषाशाळेच्या अर्जासाठी त्यांची ठरलेली पातळी चालते. पण आपल्या शाळेला कोणती परीक्षा आणि कोणता स्तर मान्य आहे, हे शाळेकडून लेखी विचारून घ्यावे. भारतातल्या एजंटच्या तोंडी आश्वासनावर फी भरू नये. आणि नुसता १५० तासांचा दाखला हाताशी असेल तर त्यावर अभ्यासाचा काळ, एकूण तास आणि पाठ्यपुस्तक हे सगळे स्पष्ट असावे. दाखला आहे पण मुलाखतीत साधी ओळखही करून देता येत नाही, असे झाले की दाखल्याची किंमत तिथेच संपते.

जपानने भाषेच्या पुराव्याची ही अट का घातली, हे समजले की ती जाचक वाटत नाही. १९८३मध्ये पंतप्रधान नाकासोने यांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत एक लाख परदेशी विद्यार्थी आणायचे ठरवले आणि प्रवेशाचे नियम सैल झाले. लगेच भाषाशाळा उगवल्या, त्यांतल्या काही निव्वळ फी गोळा करणाऱ्या. १९८८मध्ये शांघायमध्ये जपानी वाणिज्य दूतावासासमोर चिनी तरुण जमले. त्यांनी शाळांना पैसे भरले होते आणि व्हिसा मिळत नव्हता. त्यानंतर भाषाशाळांची तपासणी करणारी संस्था १९८९मध्ये उभी राहिली. २००८मध्ये तीन लाख विद्यार्थ्यांचे नवे लक्ष्य ठरले आणि २०१९मध्ये ते गाठलेही गेले. त्याच वर्षी टोकियोतल्या एका विद्यापीठाचे तीन वर्षांत सोळाशेहून अधिक परदेशी विद्यार्थी बेपत्ता असल्याचे उघड झाले. शिक्षणाच्या नावाने येऊन कामाला लागणारे, किंवा कर्ज काढून येऊन भाषा न कळल्याने मागे पडणारे, हा प्रश्न तिथे चार दशके चालू आहे. २०२४पासून भाषाशाळांच्या मान्यतेचा नवा कायदाही लागू झाला. एन-५ची अट या सगळ्यातून आली आहे. ज्याला खरेच शिकायचे आहे त्याने निघण्याआधी काही महिने अभ्यासात घातले असतील, एवढीच तिची अपेक्षा. मला ती रास्त वाटते, आणि गावातून जाणाऱ्या मुलाच्या हिताचीही.

१९८४मध्ये जेएलपीटी सुरू झाली तेव्हा जगभरातून सुमारे सात हजार जण बसले होते. आता वर्षाला दहा लाखांहून अधिक बसतात. २००९पर्यंत तिच्या चार पातळ्या होत्या, २०१०पासून पाच झाल्या. जुन्या पद्धतीत सर्वांत खालच्या पातळीसाठी सुमारे शंभर कांजी (चिनी लिपीतून आलेली चिन्हे), आठशे शब्द आणि १५० तास असा अंदाज दिलेला असे. नव्या परीक्षेची अधिकृत शब्दयादी नाही, पण शिक्षक अजून त्याच आकड्यांवर चालतात आणि इमिग्रेशनचे १५० तासही त्याच्याशी जुळतात. आठवड्याला पाच तास धरले तर हे तीस आठवड्यांचे काम. म्हणजे जुलैची परीक्षा द्यायची तर आदल्या डिसेंबरपूर्वी हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या गिरवायला सुरुवात झालेली असावी. ‘तीन महिन्यांत जपान’ या जाहिरातीवर विश्वास ठेवण्याआधी हा भागाकार करून पाहावा.

एन-५ची परीक्षा दीड तासाची: शब्दांना २० मिनिटे, व्याकरण आणि वाचनाला ४०, ऐकण्याला ३०. सगळे प्रश्न पर्यायी, एकही वाक्य लिहायचे नाही, एकही शब्द बोलायचा नाही. एकूण गुण १८०, उत्तीर्ण व्हायला ८०. हे सोपे वाटते, पण इथे एक खाच आहे. भाषा आणि वाचनाच्या १२० पैकी किमान ३८ आणि ऐकण्याच्या ६० पैकी किमान १९ गुण वेगवेगळे मिळायलाच हवेत. समजा, एखाद्याला एकूण ११० गुण आहेत आणि ऐकण्यात १७, तर तो अनुत्तीर्ण. गावात जपानी बोलणारे कोणी नसते, पुस्तक मात्र असते, त्यामुळे आपली मुले नेमकी ऐकण्यातच अडकतात. श्रवणाचा सराव पहिल्या आठवड्यापासून रोज हवा, शेवटच्या महिन्यात एकदम नव्हे.

मराठी बोलणाऱ्याला जपानीत काही गोष्टी आयत्या मिळतात, आणि कोणी ते त्याला सांगत नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. नामाला मागून लागणारे ‘वा’, ‘ओ’, ‘नी’, ‘दे’ हे शब्द आपल्या विभक्तीच्या प्रत्ययांसारखेच काम करतात. ‘शाळेत’, ‘शाळेला’, ‘शाळेहून’ म्हणणाऱ्याला त्यांची कल्पना नवी नाही. मोठ्या माणसाशी क्रियापदाचे रूप बदलते, तेही घरचेच. उच्चारात तर एक खास फायदा आहे. जपानीतला ‘त्सु’ हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्याला जड जातो, पण ‘चूक’ आणि ‘चुलत’ या शब्दांतला च आपण जसा म्हणतो, तो त्याच्या अगदी जवळचा आहे. ‘जुना’मधला जही तसाच, तो जपानीच्या ‘झु’ला उपयोगी पडतो.

एका ठिकाणी मात्र मराठी कान फसवतो. जपानीत स्वराची लांबी अर्थ बदलते: ‘ओजिसान’ म्हणजे काका, ‘ओजीऽसान’ म्हणजे आजोबा, ‘ओबासान’ मावशी, ‘ओबाऽसान’ आजी. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळतो, बोलताना बरेचदा सोडून देतो, आणि शब्दाच्या शेवटी तर इकार-उकार दीर्घच लिहायचे अशी सवय आहे. ऐकण्याच्या पेपरात प्रश्न असतोच की घरात कोण आहे, काका की आजोबा. ‘किते’ आणि ‘कित्ते’ हा फरक त्या मानाने सोपा, कारण ‘पका’ आणि ‘पक्का’ आपण चुकवत नाही. कांजीत मात्र आपल्याला काहीच फुकट मिळत नाही. चिनी विद्यार्थी जे चिन्ह ओळखूनच वर्गात येतो ते आपल्याला गिरवून बसवावे लागते. रोज पाच चिन्हे, न चुकता, याला पर्याय नाही. पुण्या-मुंबईच्या बहुतेक वर्गांत ‘मिन्ना नो निहोंगो’ हे पाठ्यपुस्तक चालते. त्याचे पहिले २५ धडे झाले की एन-५ची तयारी होते, पन्नास झाले की एन-४ची. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा १९७०च्या दशकापासूनची आहे. विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि जपानी शिक्षकांची ‘जालताप’ ही संघटना यांनी ती वाढवली. पुण्यातली जेएलपीटी हीच संघटना घेते. अशा जाणत्या शिक्षकांचे ऑनलाइन वर्ग आता आपट्यात बसूनही करता येतात. गल्लीतल्या नव्या क्लासपेक्षा ते बहुधा चांगले.

एन-५ झाली, सीओई आली, व्हिसा लागला. तरी मी म्हणेन की निघण्यापूर्वी एन-४पर्यंत अभ्यास करावा. कारण उघड आहे. भाषाशाळेची वर्षाची फी साधारण सात-आठ लाख येन असते, घरभाडे वेगळे. टोकियोत ऑक्टोबर २०२४पासून किमान वेतन तासाला १,१६३ येन होते, पुढच्या वर्षी ते १,२२६ झाले. २८ तासांचा हिशेब केला तर आठवड्याला बत्तीस ते चौतीस हजार येन, तेही काम मिळाले तर. कोणते काम मिळते, हे भाषेवर ठरते. फक्त एन-५ असलेल्याला रात्रपाळीत पार्सलची छाननी किंवा हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी. रात्रभर जागून तो सकाळी वर्गात झोपतो, हजेरी घसरते, आणि हजेरी घसरली की व्हिसाची मुदत वाढवणे अवघड होते. ज्याला गिऱ्हाइकाशी बोलता येते त्याला दुकानाच्या काउंटरवर दिवसाचे काम मिळते, तिथे त्याची भाषा आणखी सुधारते. इथून निघताना भाषेत असलेला चार-पाच महिन्यांचा फरक तिथे दोन वर्षे पुरतो.

भाषा कुठवर नेते, याचे मराठी उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले आहे. अंबरनाथमध्ये वाढलेले योगेंद्र पुराणिक पुण्यात जपानी शिकले, विद्यार्थी म्हणून जपानला गेले आणि पुढे आयटीत नोकरी करत तिथेच स्थायिक झाले. २०१२मध्ये त्यांनी जपानचे नागरिकत्व घेतले. टोकियोच्या एदोगावा भागात, जिथे निशी-कासाईत भारतीयांची मोठी वस्ती आहे, ते एप्रिल २०१९मध्ये स्थानिक सभेवर निवडून आले. भारतात जन्मलेला माणूस जपानमध्ये निवडून येण्याची ती पहिली वेळ. २०२३मध्ये ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी उच्च माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले. जपानी मतदारांपुढे भाषण करून मते मागणे आणि जपानी पालकांची सभा घेणे, ही कामे कोणत्याही प्रमाणपत्रावर होत नाहीत.

शेवटी एक कागदी गोष्ट, कारण तिने चांगल्या चांगल्या अर्जांना उशीर होतो. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि वडिलांचे नाव कधी नावाला जोडलेले, कधी गाळलेले. आधारवर तिसराच क्रम. जपानी इमिग्रेशन कार्यालय प्रत्येक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहते. परीक्षेच्या नोंदणीत पासपोर्टवरचेच स्पेलिंग, त्याच क्रमाने भरावे. मागाहून प्रमाणपत्र दुरुस्त करून घेण्यात महिने जातात. म्हणून पासपोर्ट परीक्षेच्या आधी काढावा, नंतर नव्हे. वडिलांची किंवा खर्च करणाऱ्या नातेवाइकाची उत्पन्नाची कागदपत्रे, बँकेची शिल्लक आणि शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचे खरे कारण, हेही त्याच वेळी तयार ठेवावे. खोटा दाखला किंवा उसनी शिल्लक दाखवू नये, कारण नाकारलेल्या अर्जाची नोंद तिथे राहते आणि पुढच्या अर्जावेळी तीच आधी पाहिली जाते.

पुढच्या एप्रिलला जायचे असेल तर यंदाच्या जुलैची नोंदणी उघडते तो दिवस पाहून ठेवा, आणि त्याआधी पनवेलला जाऊन पासपोर्टचे काम उरकून घ्या.